आत कुणी आहे का?

राग्नफ्रिदचं पत्र दोन वर्षं माझ्याकडे पडून होतं. “अस्ब्योर्न, झोपडीचं दार मी ठोठावलं होतं ना? एवढंच कळवा.” मी ते एका पुस्तकात ठेवलं, नंतर दुसऱ्यात. उत्तर एका शब्दाचं होतं, तरी जमेना.

दोन वर्षांपूर्वीचा ईस्टरचा आठवडा होता तो. रात्रभर आभाळ भरलेलं, त्यामुळे बर्फ गोठलंच नव्हतं. दुपारी बर्फ कोसळेल, उतारांखाली जाऊ नका, असं रेडिओवर सकाळीच सांगितलं होतं. मी लवकर निघालो, स्कीवर उतार ओलांडून वरच्या झोपडीत पोचलो आणि कडी लावून रहस्यकथा उघडली. ईस्टरच्या सुटीत आमच्याकडे सगळ्यांना संत्री लागतात आणि पुस्तकात एखादा खून लागतो. स्की मागच्या लाकडांच्या खोपीत ठेवल्या. कुणाला सांगून आलो नव्हतो. सांगायचं म्हणजे बोलावं लागतं.

दुपारी त्या अख्ख्या उतारावरचं बर्फ ओल्या सिमेंटसारखं खाली आलं. खाली माझी गाडी, वर ढिगाऱ्यात शिरणारा स्कीचा एकच माग. शोधपथक निघालं. झोपडी बघायला पथकातली राग्नफ्रिद आली.

तिने दार ठोठावलं. “आत कुणी आहे का?”

खाली काय झालंय ते मला ठाऊक नव्हतं; वाटलं, कॉफीला सोबत शोधणारं कुणीतरी असेल. मी पाय वर घेतले आणि पानही उलटलं नाही. ती गेली. मग अंधार पडेपर्यंत ती सगळी माणसं, वर बर्फ लोंबत असताना, मला उकरत होती.

संध्याकाळी मी खाली उतरलो तेव्हा पथकप्रमुख स्टाइनारने विचारलं, “अहो, तुम्ही झोपडीत होतात? मग ही म्हणते दार ठोठावलं, ते?”

“झोपलो होतो,” मी म्हणालो. “कुणी आलंच नाही.”

गेल्या आठवड्यात दुकानात कॉफीच्या फळीमागे उभा होतो. राग्नफ्रिद आत आली.

“वा, दारापर्यंत आलीस!” गल्ल्यापाशी उभा स्टाइनार म्हणाला. “मला वाटलं, लांबूनच बघून परत जाशील.”

लोक हसले.

“यंदा पथकात नाव देतेस ना, की अजून रुसवा आहे?”

“तुम्हाला मी खोटारडी वाटते. बर्फात माझ्या शब्दावर कोण जाईल?” ती म्हणाली, आणि तिची नजर माझ्यावर पडली. मी नको असलेलं कॉफीचं पाकीट विकत घेतलं.

घरी येऊन लिहिलं: “तू ठोठावलं होतंस, हाकही मारली होतीस. मी आत जागा होतो. लाजून गप्प बसलो, नंतर भिऊन खोटं बोललो. तू नाव दे.” हेच स्टाइनारला वेगळं लिहिलं, म्हणजे ते दाखवायला तिला त्याच्याकडे जावं लागू नये.

टपालपेटीपाशी स्टाइनारची बायको कुत्र्याला घेऊन उभी होती.

“काय हो, तुम्ही आणि पत्रं? वाचनालयाला दंड भरताय की काय?”

“एक स्टाइनारला आहे. हातोहात नेतेस?”

“छे, टाका की पेटीत. येईल घरी.”

हात पेटीच्या फटीत थोडा वेळ तसाच राहिला. मग दोन्ही टाकली.