सुमिनाला चांगलं म्हणू नका

आमच्या चर्चच्या पॅरिशमध्ये नाताळच्या आधीच्या रविवारी, दुसऱ्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर, येशूजन्माचं नाटक होतं, आणि त्यात येशू खरा लागतो. खरा म्हणजे हाडामांसाचा, रडणारा, कपडे ओले करणारा. एका वर्षी बाहुली ठेवून पाहिली होती. लोक नाटक संपेपर्यंत गप्प बसले, पण नंतर वर्षभर कुरकुरत राहिले. त्या वर्षी जे जे वाईट झालं, कोकोच्या शेंगांवरची कीड, चर्चच्या पत्र्याची गळती, बँडमास्तरच्या बायकोचं माहेरी निघून जाणं, ते सगळं त्या बाहुलीच्या माथी बसलं. तेव्हापासून नियम पक्का झाला. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, सुरू होण्याआधी ज्याचा बाप्तिस्मा सगळ्यात शेवटी झाला, ते बाळ येशू, आणि त्याची आई मरिया. मुलगा असो की मुलगी. गेल्या वर्षी येशूचं नाव फिलोमिना होतं.

हे नाटक अकरा वर्षं मीच लिहितोय. त्याआधी तीस वर्षं कुमासी शहरातल्या एका वर्तमानपत्रात मंत्र्यांना चिमटे काढायचं काम केलं. मंत्री बदलत गेले, चिमटे तेच राहिले, शेवटी बोटं दुखायला लागली तेव्हा गावी येऊन बसलो. त्या वेळच्या फादरना वाटलं, लिहिता येणारा माणूस रिकामा बसलाय, त्याला पापं सुचायच्या आत काहीतरी काम द्यावं.

यंदा यादीत शेवटचं नाव माझ्या नातवाचं निघालं.

माझी मुलगी बोआटेमा. तिचं पहिलं बाळ अकरा दिवस जगलं. दुसरं चाळीस. दवाखान्यात दोन्ही वेळा वेगवेगळं कारण सांगितलं. तिसऱ्या वेळी माझ्या बायकोने, तिवाने, दवाखाना आणि आपल्या आजीची रीत अशा दोन्ही गोष्टी घट्ट धरल्या. बाळ दवाखान्यात जन्मलं, सुया टोचून झाल्या, आणि आठव्या दिवशी सकाळी तिने त्याला फाटक्या पोत्यात गुंडाळून गावाच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारची म्हातारी ठरल्याप्रमाणे तिथून निघाली, ‘हे कोणी टाकलंय बाई’ असं म्हणाली, आणि उचलून आमच्या दारात आणून दिलं. त्याचं नाव ठेवलं सुमिना. सुमिना म्हणजे उकिरडा. जी मुलं येतात आणि लगेच परत जातात, त्यांच्या पाठच्याला आमच्याकडे असंच नाव देतात. मृत्यू दारावरून जाताना आतली हाक ऐकतो. त्याला वाटतं, या घरात केरकचऱ्याशिवाय काही नाही, आणि तो पुढच्या दाराकडे वळतो.

बाप्तिस्म्याच्या वहीत त्याचं नाव बेनेडिक्ट आहे. ते वहीतच असतं.

अशा पोराला कोणी चांगलं म्हणायचं नसतं. गोड दिसतो, वजन छान धरलंय, डोळे आईचे घेतलेत, यातलं एक अक्षर तोंडातून काढायचं नाही. उलट पाहिजे तेवढं वाईट बोलावं. इथे माझा तीस वर्षांचा अनुभव कामी आला. मी सकाळी उठलो की पाळण्यापाशी जाऊन त्याची तुलना एकेका माजी मंत्र्याशी करायचो. तिवाला मात्र माझी पद्धत फार शिकलेल्या माणसाची वाटे. ती सरळ म्हणायची, “बेडूक आहे, बेडूक.” आणि बेडकाच्या पायांना तेल लावायची.

बोआटेमा काहीच म्हणायची नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. दूध पाजायची, पुसायची, आणि मग त्याच्या छातीवर तळहात ठेवून बसायची. ओठ किंचित हलत. ती श्वास मोजते, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

तर आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी वेदीवर जांभळं कापड चढलं, पहिली मेणबत्ती पेटली, आणि दुपारी आँटी पोमा आमच्या अंगणात आल्या. आँटी पोमा म्हणजे चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांना माझ्या एकाही विनोदावर हसताना कोणी पाहिलेलं नाही. त्यांनी यादी वाचली, घडी केली, कमरेच्या कापडात खोचली, पाण्याचा एक घोट घेतला आणि निघून गेल्या.

त्या फाटकाबाहेर पडल्यावर बोआटेमा म्हणाली, “नाही म्हणून सांगा, पापा. सगळं चर्च त्याच्याकडे बघणार. राजे येऊन त्याच्या पाया पडणार. स्तुती करणार.”

मी उठलोच होतो. तिवाने मला हाताने खाली बसवलं.

“आणि कारण काय सांगणार?” ती म्हणाली. “पोर नाजूक आहे म्हणून? जिवापाड आहे म्हणून? उकिरडा कोणी कुलपात ठेवतं का गं? तुम्ही जाऊन नाही म्हटलंत, की ज्याला ऐकायचंय तो बरोबर ऐकेल.”

यात आम्ही अडकलो. पाठवावं तर पोराचं कौतुक होणार, न पाठवावं तर ते मोलाचं आहे असं जाहीर होणार. मी आयुष्यात बरेच पेच पाहिले, पण त्यांतून बाहेर पडायला निदान राजीनामा तरी देता यायचा. शेवटी तिवानेच तोड काढली. पोर जाईल. पण नाटकात त्याला कोणी चांगलं म्हणणार नाही. गुडघे टेकायला तिची हरकत नव्हती. गुडघे काय, शेंगदाणे वेचतानाही टेकतात.

मी फादर अयाम्गांकडे गेलो. ते उत्तरेकडचे, तरुण, आमची भाषा तीन वर्षांत शिकलेले, त्यामुळे ती फार शुद्ध बोलतात. पापनिवेदनाची रांग संपवून ते नुकतेच बाहेर आले होते आणि गावाची पापं ऐकून थकले होते. मी माझं म्हणणं मांडलं.

“म्हणजे तीन राजे इतक्या लांबून येणार,” फादर म्हणाले, “आणि तारणाऱ्याबद्दल एक शब्द बोलणार नाहीत?”

मी म्हटलं, दमलेले असतील.

ते हसले नाहीत. खिडकीबाहेर महिला मंडळ वेदीची कापडं धूत होतं, तिकडून कोणी ऐकत नाही ना, हे त्यांनी पाहिलं. मग म्हणाले की त्यांच्याकडे अशा पोराला तांपुरी म्हणतात, त्याचाही अर्थ उकिरडाच, आणि त्यांच्या थोरल्या भावाचं नाव तेच आहे. भाऊ कसा आहे, हे मी विचारलं नाही. माझी छाती झाली नाही. चर्चच्या शिकवणीप्रमाणे ही अंधश्रद्धा आहे, असं त्यांनी मला रीतसर सांगितलं, मीही रीतसर मान हलवली. मग ते म्हणाले, “स्तुती काढा. पण प्रभूला शिव्या घालायच्या नाहीत. एवढं वचन द्या.” मी दिलं.

नवीन संहितेत पहिल्या राजाने ताऱ्याची स्तुती केली, दुसऱ्याने गोठ्याच्या छपराची, आणि तिसऱ्याच्या वाट्याला गवत आलं. तिसरा राजा म्हणजे दार्कवा शिंपी. सात वर्षं तो तिसरा राजा आहे आणि दर वर्षी त्याचा झगा एक वीत लांब होतो. तो कागद घेऊन माझ्याकडे आला.

“पापा आजेनिम, सात वर्षं मी जगाच्या तारणाऱ्याला वंदन करतोय. आणि यंदा गवताला?”

मी म्हटलं, गवतात फार खोल अर्थ आहे. त्याने तो विचारला नाही, कारण विचारला तर आपल्याला कळला नाही असं होईल. घरी जाऊन त्याने ‘किती सुकं, किती पिवळं’ हे पाठ केलं.

सगळं जुळत आलं होतं. पण आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात हरमटान सुटला. वाळवंटाकडून येणारा तो कोरडा वारा सकाळी हाडं गोठवतो, दुपारी ओठ फोडतो आणि दिवसभर सगळ्यांच्या नाकात पिठासारखी धूळ भरतो. शुक्रवारी सकाळी सुमिना खोकला. एकदाच. मी ओसरीत नाश्त्याला बसलो होतो, हातातला चमचा तसाच राहिला. आत तिवाचं झाडू मारणं थांबलं. मग तो दुसऱ्यांदा खोकला.

बोआटेमा त्याला पाठीला बांधून दवाखान्यात चालत गेली, मी मागे. नर्सबाईंनी छाती तपासली, म्हणाल्या, धूळ आहे, ताप नाही, नाक साफ ठेवा. बोआटेमाने तेच तीन वेळा विचारलं आणि त्यांनी तीन वेळा तेच सांगितलं. परत येताना ती पुढे झपाझप निघाली. मी मागून चालत होतो, मला तिच्या पाठीवरचं ते इवलं डोकं दिसत होतं, आणि मी मनातल्या मनात त्याला सगळे मंत्री म्हणून संपवले तरी माझी भीती काही संपेना.

शनिवारी तो चार वेळा खोकला. आम्ही तिघांनीही मोजलं, पण आकडा कोणी बोललं नाही.

रविवारी चौथी मेणबत्ती पेटली. मिस्सात फादर काय बोलले, ते मला आठवत नाही. माझं लक्ष महिलांच्या बाकांकडे, निळ्या कापडाच्या एका गाठोड्याकडे होतं. मग नाटक सुरू झालं. मी कडेला स्टुलावर कागद घेऊन बसलो, तिवा शेजारी. योसेफाने सराईवाल्याशी वाद घातला, देवदूताचा एक पंख मेंढपाळाच्या डोळ्यात गेला, सगळं दरवर्षीसारखं. गव्हाणीत माझा नातू. त्याच्या शेजारी मरियेच्या निळ्या वस्त्रात माझी मुलगी, आणि तिचा हात त्याच्या छातीवर. लोकांना तो अभिनय वाटला असेल.

पहिल्या राजाने तारा उरकला. दुसऱ्याने छप्पर. दार्कवा पुढे आला, झगा सावरत गुडघ्यावर बसला, गव्हाणीत वाकला, आणि नेमकं त्याच वेळी पोराने डोळे उघडून त्याच्याकडे पाहून तोंडभर हसू काढलं. दार्कवा शिंपी असला तरी माणूस आहे. गवत त्याच्या डोक्यातून पार उडालं.

“अरे देवा,” तो भरल्या आवाजात म्हणाला, “किती देखणं लेकरू आहे हे.”

चर्चमधले सगळे हातपंखे थांबले. ते पोर कोण आहे आणि त्याला सुमिना का म्हणतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिवाची बोटं माझ्या मनगटात रुतली. दार्कवाला कळलं आपण काय केलं ते, पण तोंडातून गेलेलं परत घेता येईना, आणि तो तसाच गुडघ्यावर, तोंड उघडं. बोआटेमाचा चेहरा राखेसारखा झाला. मी अकरा वर्षं नाटक लिहिणारा, हातातले कागद उलटसुलट चाळू लागलो.

तेव्हा महिलांच्या पहिल्या बाकावरून आँटी पोमा उठल्या. टोपी नीट केली.

“देखणं?” त्या म्हणाल्या. “दार्कवा, चष्मा मशीनवर विसरून आलास काय? कान बघ त्याचे. वटवाघूळ परवडलं.”

मग पुरुषांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, नाकावर कोणी बसलं होतं की काय. गायकवृंदातून एक बाई म्हणाली, गुडघे तर कोंबडीचे. मग थांबेचना. म्हातारे, बाया, सराईवाला, देवदूत, जो तो उठून माझ्या नातवात खोट काढू लागला. कोणी म्हणे रताळं, कोणी म्हणे करपलेलं रताळं. मी वचनात बांधलेला, म्हणून गप्प होतो, आणि फादरकडे बघायची माझी हिंमत नव्हती. ते माइकपाशी गेले. चर्च गप्प झालं.

“उत्तरेत आमच्याकडे,” फादर अतिशय शुद्ध भाषेत म्हणाले, “बोकडांची तोंडं याहून बरी असतात.”

मग ते वेदीकडे वळले, खूप खाली वाकले, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले. बहुधा खुलासा करत असावेत. इकडे पत्रा हादरेल असा हशा पिकला. बँडमास्तरने आगमनकाळ विसरून नाताळचं गाणं चार दिवस आधीच सुरू केलं आणि लोक नाचत नाचत गव्हाणीपुढून जाऊ लागले, प्रत्येकजण आपापला अपमान वाहून.

बोआटेमा हसली नाही. तिने हात उचलला नाही. एवढ्या गोंगाटात ती मोजत होती.

नाटकाचे कपडे परत द्यायचे असतात. ते न देताच ती पोराला छातीशी घेऊन निघाली. भर उन्हात, धुळीच्या पांढऱ्या प्रकाशात, निळी मरिया रस्त्याने जवळजवळ पळत चालली होती आणि आम्ही दोघं म्हातारे मागे धापा टाकत. घरी पोचलो तेव्हा तिने खोलीचं दार लावून घेतलं होतं. आतून पोराचा खोकला आला. मग बराच वेळ काही नाही. तिवा ओसरीच्या खांबाला टेकून उभी, मी पायरीवर.

आणि मग आतून बोआटेमाचा आवाज आला. नऊ आठवड्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. अगदी हळू, पण दुपारच्या शांततेत दारातून स्पष्ट ऐकू येत होतं. ती काय म्हणाली ते मी लिहिणार नाही. त्यात बेडूक नव्हता, रताळं नव्हतं, त्याचं वहीतलं नाव होतं, आणि ती ते पुन्हा पुन्हा घेत होती. थांबवायला हवी होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही ते जमणारं नव्हतं.

मी खोकलो. जोरात खोकलो. मग रस्त्याकडे तोंड करून मोठ्या आवाजात सुरू केलं, की या घरात काही खरं नाही, असलं काळं, नकटं, मुलखाचं कुरूप पोर आमच्याच नशिबी का, कोणी नेणार असेल तर न्या, पण कोण नेणार. माझा आवाज चिरकत होता. तिवा अंगणात गेली, तिने उखळ ओढली आणि मुसळ घेऊन कांडायला लागली. उखळीत काहीच नव्हतं. तिने डोळे मिटले होते, आणि दण्‌ दण्‌ दण्‌ ती कांडत राहिली, मी शिव्या देत राहिलो, आणि मधूनच आम्ही दोघंही एकदम थांबायचो, आतला श्वास ऐकू येतो का बघायला, आणि ऐकू आला की पुन्हा सुरू करायचो.