चांदीचा साज आणि दोन बोटं

मी शंख बोलतोय. बोलतोय म्हणायचं एवढंच, माझा आवाज बंद होऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून लोक मला बघायला येतात.

विष्णुपूरच्या निमाई नंदी या शंख-कारागिराने माझं टोक कापलं, पोट घासून साफ केलं आणि मला भवतोषबाबूंच्या घरी दिलं. त्यांची विधवा बहीण निरुपमा रोज दिवेलागणीला मला तीनदा फुंकायची. घरातले सगळे तिला पिशीमा म्हणत, म्हणजे आत्याबाई. तिचा दम एवढा, की तळ्यापलीकडच्या बायका माझा आवाज ऐकून तुळशीपुढे दिवा लावायच्या.

मग बाबूंच्या मुलाचं लग्न ठरलं. शेजारच्या दत्तांकडे चांदीने मढवलेला शंख होता, त्यामुळे बाबूंच्या पोटात दुखू लागलं. सोनाराने माझ्या अंगात भोकं पाडून चांदीची कमळं खिळ्यांनी बसवली. मीही हुरळलो, खोटं कशाला बोलू? लग्नापर्यंत मी काचेच्या कपाटात मिरवत बसलो. फुंकून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. फक्त पिशीमाने धूळ पुसताना एकदा हळूच फुंकलं आणि कमळांखालच्या खिळ्यांवरून बोट फिरवून पाहिलं.

नवी सून दारात आली, दुधात आळत्याचा लाल रंग कालवलेल्या परातीत उभी राहिली. शंख वाजल्याशिवाय तिने घरात पाऊल टाकायचं नव्हतं. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, "वन्सं, तुम्ही तेवढ्या आतच बसा. शुभकार्य आहे."

रोजच्या देवाला चालणारा श्वास सुनेच्या गृहप्रवेशाला चालत नव्हता.

सासूबाईंनी फुंकलं, मग काकूंनी, मग मावशींनी. माझ्यातून नुसती फुसफुस निघाली. दत्तीणबाई पदराआड हसल्या. सून सुतपा वैतागून म्हणाली, "आई, पाय गारठले माझे. ज्यांना येतं त्यांना बोलवा ना."

स्वयंपाकघराच्या दाराआडून आवाज आला, "इकडे द्या. कमळाखालचे दोन खिळे सैल झालेत."

बाबूंनी एकदा दत्तांकडे पाहिलं आणि रीतभात गुंडाळून मला आत धाडलं. पिशीमाने दोन भोकांवर दोन बोटं दाबली आणि फुंकलं. एवढा मी कधीच घुमलो नव्हतो. सून आत आली. बाबू पाहुण्यांना सांगत होते, "चांदीमुळे आवाज खुलतो."

पाहुणे गेल्यावर मला सात वेळा गंगाजलाने धुतलं आणि कपाटाला कुलूप लावलं. विधवेचा हात लागला होता ना!

दिवेलागणीला पिशीमा आता साधाच शंख फुंकते. तिला धाप लागते, तीनदाऐवजी एकदाच फुंकणं होतं. काल काच पुसता पुसता ती थांबली. तिची दोन बोटं काचेवर नेमकी माझ्या कमळांसमोर टेकली होती.

चांदी हवी तर ओरबाडून घ्या. पण पिशीमाच्या छातीत एक फुंकर शिल्लक आहे तोवर हे कुलूप काढा.