मधली रिकामी जागा

मास्तरांना स्वतःचं वाजवणं ऐकायचं भारी वेड, असं सगळ्या घराचं मत होतं. सगळं घर म्हणजे लेक आणि जावई. तिसरं माणूस त्यात नव्हतंच. ऐन उमेदीत मास्तर एका हॉटेलात क्लॅरिनेट वाजवत. लोक जेवत, मोठमोठ्यानं बोलत, आणि हे कोपऱ्यात गाल फुगवून उभे. शेजाऱ्यांनी त्यांचं नाव ‘फुंकणीमास्तर’ ठेवलं होतं. पुढं दमा जडला, क्लॅरिनेट विकलं गेलं, नावातली फुंकणी गळाली आणि नुसते मास्तर उरले. त्या सगळ्या वाजवण्यातली एक घरगुती कॅसेट तेवढी शिल्लक होती. ती रोज दुपारी लागायची म्हणजे लागायचीच.

“बाबा, स्वतःची पाठ किती थोपटाल? हात दुखेल,” लेक चिडवायची.

“दुखू दे. माझाच हात, माझीच पाठ,” म्हणत मास्तर खोलीचं दार लोटून घ्यायचे.

दार लोटायचं कारण निराळंच होतं. कॅसेटवर दोन धुना होत्या आणि दोन्ही बेताच्याच. दुसरीत तर मास्तरांचा दम असा तुटला होता की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. त्या वाजवण्याचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. पण पहिली धून संपल्यावर टेपरेकॉर्डर बंद करायचा राहून गेला होता, आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून त्यांची बायको काहीतरी बोलली होती. अगदी घरातलं बोलणं, दोनतीन वाक्यं, आणि शेवटी हसली होती. पुढच्या वर्षी ती गेली. लेक तेव्हा नुकती चालायला लागली होती. बायकोचे फोटो पुष्कळ होते. आवाज तेवढाच होता.

लेकीला त्यांनी हे कधी सांगितलं नाही. लहान होती तेव्हा वाटलं, रडेल. मोठी झाली तेव्हा वाटलं, इतकी वर्षं का लपवलं म्हणून भांडेल. तिचं लग्न झाल्यावर वाटलं, सुखात आहे, कशाला उगाच. खरं तर मास्तर या बाबतीत पक्के कंजूष होते. बायकोचा तेवढा तुकडा त्यांना एकट्याला हवा होता, वाटून घ्यायचा नव्हता. हल्ली मात्र छातीत घरघर वाढली तशी ती कंजुषी त्यांना टोचायला लागली होती. डोळ्याचं ऑपरेशन उरकलं की लेकीला शेजारी बसवायचं आणि कॅसेट लावायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून मास्तर घरी आले, तर त्यांची खोली त्यांनाच ओळखू येईना. टेबल स्वच्छ पुसलेलं. जुनी वर्तमानपत्रं गेलेली, मोडकी खुर्ची गेलेली आणि टेपरेकॉर्डरही गेलेला. त्याच्या जागी मुठीएवढा एक गोल स्पीकर बसला होता.

“डोळे मिटा,” लेक म्हणाली.

“आत्ताच तर डॉक्टरांनी उघडून दिलेत.”

तिनं हसत फोनवर बोट ठेवलं आणि क्लॅरिनेट वाजू लागलं. खरखर नाही, घरघर नाही. आपण इतकं नीट कधी वाजवलं असेल यावर मास्तरांचा विश्वास बसेना. धून संपत आली तसे ते सवयीनं जरा पुढं झुकले. ती संपली आणि लागलीच दुसरी सुरू झाली.

“मधलं कुठं गेलं?”

“मधलं म्हणजे?”

“दोन धुनांच्या मधलं.”

“ती रिकामी जागा होती, बाबा. दुकानवाल्यानं कापली. दोन वेगळी गाणी करून दिलीत त्यानं, हवं ते लावा. तुमच्या कॅसेटला बुरशी लागली होती, माहितीय? आणि तो टेप आज ना उद्या ती गिळणारच होता. आता माझ्या फोनमध्ये आहे, ह्यांच्या फोनमध्ये आहे, शिवाय इंटरनेटवरही ठेवलीय. घर जळलं तरी जायची नाही.”

“आणि कॅसेट?”

“दुकानातच दिली टाकायला. आता काय करायचीय ती?”

मास्तर उठले आणि चपला शोधू लागले. लेकीला वाटलं, जुन्या वस्तूवर जीव असतो म्हाताऱ्यांचा, रुसले असतील. ती समजूत घालत त्यांच्या मागोमाग निघाली. वाटेत खरं काय ते सांगायचं मास्तरांनी टाळलं. तेवढा दम नव्हता हे एक, आणि बोलायला तोंड नव्हतं हे दुसरं.

दुकान मोबाइलच्या कव्हरांनी भरलेलं होतं. कोपऱ्यात एक कॅसेटचं मशिन आणि संगणक. दुकानदार गळ्यात हेडफोन अडकवून बसला होता. माणूस बोलायला गोड, कामाला चोख.

“काका, कसं वाटलं? नव्यासारखं झालंय की नाही?”

“कॅसेट हवीय मला,” मास्तर म्हणाले.

“ती बुरशीवाली? ती त्याच दिवशी कचऱ्यात गेली. एकीची बुरशी दुसरीला लागते हो, मशिनही बिघडतं.”

“मग संगणकातली? न कापलेली?”

“काम पोचवलं की मी मूळची पुसून टाकतो, काका. सगळ्यांचं ठेवायचं म्हटलं तर जागा कुठून आणू?” मास्तरांचा चेहरा बघून तो गडबडला. “अहो, तुमच्या वाजवण्याला मी धक्कासुद्धा लावला नाही. खरखर काढली, रिकामी जागा काढली. मध्ये कुणी बाई बोलत होती, तीही काढली. मागं घरातला गोंधळ असला की ऐकणाऱ्याचा विरस होतो.”

लेक कव्हरं चाळत उभी होती. तिचा हात थांबला.

“बाई?” ती म्हणाली. तिनं दुकानदाराकडं पाहिलं, मग बापाकडं. मास्तर खाली बघत होते. काळा चष्मा होता तरी त्यांना तिच्याकडं बघवेना. नुसतं “हं” म्हणाले.

एवढ्यावरून तिला सगळं उमगलं. रोजची दुपार, लोटलेलं दार, कधीच आत न बोलावणं. ती दुकानदाराकडं वळली.

“काय बोलत होती?”

“नाही हो सांगता यायचं, ताई. दिवसभर ह्याच्या त्याच्या कॅसेटी ऐकतो मी. असंच काहीतरी, घरातलं.”

“आवाज कसा होता?”

दुकानदारानं डोकं खाजवलं. त्यानं खरंच आठवून पाहिलं. “बाईमाणसासारखाच,” तो म्हणाला.

दुकानासमोर एक बाकडं होतं. लेक त्यावर मटकन बसली. मास्तर शेजारी बसले. रस्त्यावरून लोक येत-जात होते.

“मी माझ्या हातानं नेऊन दिली,” ती म्हणाली. “टाकून द्या, असं मीच सांगितलं त्याला.”

“तुला काय ठाऊक होतं? सांगायला मी हवं होतं. माझीच चूक आहे, पोरी.”

तिनं ते नाकारलं नाही. नाकारलं असतं तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

“तुम्हाला पाठ असेल ना?” ती म्हणाली. “म्हणून दाखवा. ती म्हणाली होती अगदी तसं.”

पाठ तर होतंच. कुठं श्वास घेतला, कुठं भांडं वाजलं, कुठल्या शब्दाला हसू फुटलं, सगळं. मास्तरांनी घसा साफ केला.

“अहो, झालं का फुंकून? झोपली बाई एकदाची कार्टी. उठवलीत ना, तर तुमच्याच मांडीवर आणून टाकीन, मग वाजवा काय वाजवायचं ते.”

शेवटचं हसू काही जमलं नाही, नुसता खोकला आला. कार्टी म्हणजे आपण, हे लेकीच्या ध्यानात आलं.

“असं नाही. तिच्या आवाजात,” ती म्हणाली.

मास्तरांनी आवाज बारीक करून पाहिला. समोरून जाणारा एक माणूस वळून बघायला लागला. जमलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, या वेळी हळू, मनातल्या आवाजाच्या मागं मागं जात. आणि अर्ध्यावरच ते थांबले.

दुकानात येईपर्यंत ती त्यांच्या कानात होती. कॅसेट नसली तरी होती. आता त्यांनी मनात तिचं ते “अहो” शोधलं, तर कानात आला तो दम्यानं चिरकलेला, स्वतःचाच आवाज. पुन्हा शोधलं. पुन्हा तोच.

“थांबलात का? म्हणा ना, बाबा,” लेक म्हणाली. “पुन्हा एकदा.”

“नको गं,” मास्तर म्हणाले. “मलाच आता ऐकू येईना ती.”