आठ पाय, दोन नांग्या

ताराबाईच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पंधरा वर्षं ते माझ्या उर्दू शब्दकोशात पडून आहे, जिथं 'सरतान' हा शब्द येतो त्या पानात. वहीचा फाटका अर्धा कागद, त्यावर पेन्सिलीनं काढलेली मोठी मोठी अक्षरं. आता पुसट झालीत, पण मला वाचायला कागद लागत नाही.

"मास्तरांना ताराचा नमस्कार. तुम्ही कागद वाचला त्या दिवसापासून घरात सगळे खेकडा खेकडाच करून राह्यले. एक सांगा, तो जित्ता असतो का? मला तर आत काही चालल्यासारखं लागत न्हाई. दुखतं ते माझंच दुखतं. येत्या आवसेला डागायचं ठरलंय. तुम्ही एक ओळ लिहा की आत जनावर न्हाई. तुमचं लिहिलेलं हे ऐकतील. उत्तर जल्दी द्या."

उद्या माझा गाल कापणार आहेत. नंतर लिहायला जमेल की नाही, कुणास ठाऊक. म्हणून आजच, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून हे लिहून ठेवतो.

निजामाच्या अमलात, फसली सन १३४१ मध्ये, मी टेंभुर्णीच्या सरकारी शाळेत मास्तर होतो. ताराबाई तिथल्या रामरावांची बायको. त्यांचा मुलगा जगन्नाथ माझ्याकडे शिकायचा. संध्याकाळी तो ओट्यावर बसून पाटी गिरवायचा, आणि ती शेजारी ज्वारी निवडता निवडता तीच अक्षरं ताटातल्या ज्वारीत बोटानं काढायची. कुणाची चाहूल लागली की ताट हलवायची. मी पाहिलं होतं, पण बोललो नाही. मी कुणाला फारसं काही बोलत नसे. वर्गाबाहेर माझं वाक्य कधी पुरं होत नसे. अर्ध्यावर कुणीतरी दुसरंच बोलू लागायचं आणि मी गप्प बसायचो.

त्या उन्हाळ्यात रामरावांनी तिला औरंगाबादला दाखवून आणलं. डाव्या छातीत गाठ होती. डॉक्टरांनी दिलेला कागद उर्दूत होता, म्हणून रामरावांनी मला घरी बोलावलं. ओट्यावर सात-आठ माणसं जमली होती.

"वाचा मास्तर. काय लिव्हलंय?"

"सरतान."

"म्हंजे?"

वाईट गाठ आहे, जालन्याला नेऊन कापून घ्या, एवढं सांगून मला उठता आलं असतं. पण मी शब्दात रमणारा माणूस. मी म्हणालो, "मूळ अर्थ खेकडा. आपण कर्क रास म्हणतो, तोच."

सगळे माझ्याकडे बघत होते. असं कधी होत नसे, म्हणून मी पुढं बोलत राहिलो. खेकड्याला आठ पाय असतात, दोन नांग्या असतात, तो आडवा पसरत जातो, धरलं की सोडत नाही. हे मी कुठंतरी वाचलं होतं. कुणी मला मध्येच तोडलं नाही. खरं लिहायचं तर मला बरं वाटलं.

दाराआड ताराबाई उभी होती. तिनं पदर छातीशी घट्ट धरला.

तिची सासू सगुणाबाई म्हणाली, "तरीच! नदीवर धुणं धुवायला गेली की घंटा घंटा पाण्यात काय बसायची? तिथूनच शिरला."

"आत्याबाई, पाण्यात तर तुम्ही बी बसता," ताराबाई आतून म्हणाली.

"मी म्हातारी. मला खाऊन त्याला काय मिळणार?"

माणसं हसली. मीही हसलो असेन. त्याच दिवशी तिचा ताट-तांब्या वेगळा झाला. तिच्या अंगातून निघून दुसऱ्याच्या अंगात जाईल म्हणून तिला गोठ्याशेजारच्या खोलीत झोपायला लावलं. हे मला दिसत होतं. पंधरा दिवसांनी माझी अंबडला बदली झाली आणि मी सुटलो.

पत्र तिथं आलं. अमावास्येला आठ दिवस होते. टपाल पोचायला तीन दिवस, म्हणजे माझ्या हातात पाच.

पहिल्या दिवशी मी लिहिलं, 'आत जनावर नसावे.' मग वाटलं, मला काय माहीत? मी कुठं वैद्य आहे? माझ्याजवळचा कोश लहान. त्यात दोनच अर्थ होते, खेकडा आणि रास. मोठा कोश तहसील कचेरीत होता. तो मागायला मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा कारकुनाच्या टेबलापुढं उभं राहून परत आलो. शेवटी मिळाला. त्यात तिसरा अर्थ होता: एक असाध्य गाठ, जिच्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या पसरतात. म्हणजे जनावर नव्हतं. पण 'असाध्य' होतं. एक सांगायचं तर दुसरंही सांगावं लागणार, असं मला वाटलं. मी लिहिलं, खोडलं. दर मसुद्यात 'बहुधा' यायचं. दुसऱ्याच्या बायकोला मास्तर पत्र कशाला लिहितो, असं रामराव म्हणतील, हेही मनात आलं. नाही कसं म्हणू? तेच पहिल्यांदा आलं असेल.

सातव्या दिवशी मसुदा चांगला जमला. तेव्हा तो पाठवून उपयोग नव्हता.

पुढच्या महिन्यात टेंभुर्णीचा मच्छिंद्र गाडी घेऊन अंबडला आला. तो भाड्यानं गाडी हाकायचा, मला ओळखायचा. हाक मारून म्हणाला, "मास्तर, ताराबाईला डागलं बरं का. आवसेला."

"किती डाग दिले?" मी विचारलं. असं का विचारलं, माहीत नाही.

"धा."

"दहा?"

"तुम्हीच म्हणाल्ते ना, आठ पाय अन् दोन नांग्या? एक बी राहिला तर त्याच्यावर पुन्हा चालंल म्हणे. सातव्याला बाई बेशुद्ध पडली. डागणारा म्हणला, बस करू. पण रामराव म्हणले, न्हाई, मोजून पुरे करा, मास्तरानं बराबर सांगितलंय." मग जरा कौतुकानं म्हणाला, "तुमचं नाव निघालं बघा तिथं."

मी त्याला पाणी दिलं. तिचं पुढं काय झालं ते विचारलं नाही. त्यानंतरही कधी कुणाला विचारलं नाही. टेंभुर्णीचं माणूस रस्त्यात दिसलं की मी दुसऱ्या गल्लीनं जायचो.

गेल्या वर्षी मला वजिफा, म्हणजे पेन्शन, सुरू झाला. या वर्षी गालाच्या आत एक फोड आला, तो जाईना. म्हणून मी जालन्याच्या दवाखान्यात आलो. डॉक्टरांनी कागद दिला. तो वाचायला मला कुणाची गरज नव्हती.

कागद हातात घेऊन मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. शेजारी एक म्हातारी पान कुटत होती. अंगानं काटकुळी. उजवा हात अंगाशी धरलेला, खलबत्ता मांडीत दाबून सगळं डाव्या हातानं चाललेलं.

"कशाचं हाय?" तिनं विचारलं.

"गालाचं."

"मंग पान मागू नका. न्हाई मिळायचं." ती स्वतःच हसली. "काय लिव्हलंय, सरतान?"

"हो."

"भ्यालात?"

मी मान हलवली. हे मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. घरी विचारायला कुणी नाही.

"भ्या की मंग. भ्यायला काय खर्चा पडतो? मी सोळा वर्षांखाली भ्याल्ते. हे सगळं कापून नेलं," तिनं उजव्या बाजूला हात लावला. "अजून बसले का न्हाई? दर बाजारच्या दिवशी येते. नवं माणूस दिसलं की त्याच्यापाशी बसते. डॉक्टर म्हणतात, गोजरबाई, तुला पगार सुरू करू का?"

मला वाटलं, हिच्याशेजारी बसून राहावं.

"सरतान म्हंजे काय, ठावं हाय का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"मूळ अर्थ..." मी सवयीनं सुरू केलं आणि थांबलो.

"खेकडा," ती म्हणाली. "ह्यो अर्थ एका मास्तरानं काढला. टेंभुर्णीचा मास्तर. माझ्या ताराला त्याच्या पायी धा डाग पडल्ते."

उठून जावं असं वाटलं. तरी बसून राहिलो. मी म्हणालो, "तो मीच."

गोजरबाईचा हात थांबला. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, खलबत्ता पिशवीत घातला आणि निघून गेली. मला वाटलं, संपलं. दुपारभर मी त्याच बाकावर होतो.

दुसऱ्या दिवशी बाजार नव्हता, तरी ती आली. माझ्यापासून हातभर लांब बसली.

"शिव्या द्यायला आले," ती म्हणाली. "येताना वाटंनं जमवल्या. पण तुमच्या तोंडाला आधीच लागलंय. आता काय देऊ?"

मग तिनं मला सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. पण ऐकावं लागेल असं तिच्या आवाजात होतं. डाग चिघळले तेव्हा ताराबाईच्या भावानं तिला जालन्याला आणलं. छाती कापली, पण उशीर झाला होता. टेंभुर्णीहून न्यायला कुणी आलं नाही. दवाखान्यात गोजरबाईशी ओळख झाली होती; दोघी धर्मशाळेमागच्या एका खोलीत राहिल्या, चौदा महिने. गोजरबाईचा उजवा हात वर जाईना, ताराबाईचा डावा.

"दोघींत मिळून एक बाई," गोजरबाई म्हणाली. "लुगडं पिळायचं तर एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. तिची येणी घालायची तर तीन पेडांतले दोन मी धरायचे, एक तिनं. वाकडी व्हायची. ती म्हणायची, राहू दे, आपल्याला कोण बघायला येणार हाय? खूप हसवायची हो ती. रडायची बी, पण सांगून रडायची. म्हणायची, गोजर, आता मी जरा रडून घेते, तू भाकरीकडं बघ."

मी खाली बघत होतो.

"टपालवाला आला की मान वर करायची. रोज. मी म्हणायचे, सोड की त्या मेल्याचा नाद. तर म्हणायची, मास्तर लिहितील, त्यांना बराबर शब्द सापडत नसंल."

मला वाटतं, याहून मोठी शिवी गोजरबाईला जमली नसती. ताराबाई मला ओळखून होती.

"मी उत्तर लिहिलं होतं," मी म्हणालो. "उशीर झाला म्हणून..."

"कुणाला उशीर? ती गेली. खेकडा कुठं गेला? टेंभुर्णीत अजून धा डाग देऊन राह्यले. गेल्या शिमग्यात तुळजाबाईला दिले. सहा दिवसांनी बाई गेली. आता जगन्नाथाची बायको हाय, उमा. तिच्या बी छातीला गाठ. येत्या आवसेला धरलंय. काल ताराचा भाऊ सांगून गेला. तो बोलायला गेल्ता, त्याला दारातून परत लावलं. मास्तरापेक्षा तुम्हाला जास्ती कळतं का म्हणले."

जगन्नाथ. पाटीवर 'ख' उलटा काढायचा.

"मी स्वतः जाऊन सांगतो," मी म्हणालो.

"उद्या गाल कापणार, अन् आज कुठं चालले? अन् तुम्ही तिथं जाऊन बोलणार? तुमचं वाक्य तर माझ्यापाशी बी पुरं होत न्हाई. लिहा. तेवढंच येतं ना तुम्हाला?"

ती दवाखान्याच्या कारकुनाकडून कागद आणि लिफाफा मागून घेऊन आली. मी 'चि. जगन्नाथ यास' असं लिहिलं. तिनं विचारलं, "कुणाचं नाव घातलं?" मी सांगितलं.

"खोडा. जिनं विचारलं तिला लिहा. लिफाफ्यावर बी तिचंच नाव. बापाच्या नावाचं असलं तर रामराव दाबून ठेवतील, लेकाच्या नावाचं असलं तर दोन दिवस कोनाड्यात पडंल. मेलेल्या आईच्या नावाचं पत्र लेक उघडल्याबिगर राहणार न्हाई."

मी दुसरा कागद घेतला. पहिली ओळ लिहिली. पुढं हात थांबला. 'असाध्य' लिहायचं का? उमा बरी होईल का, मला माहीत नव्हतं. मी गोजरबाईला विचारलं.

"मी मेले का?" ती म्हणाली.

"पण ताराबाई..."

"मंग दोन्ही लिहा. एक वाचली, एक गेली. तुमचं तुम्हाला ठावं न्हाई ते ठावं न्हाई म्हणून लिहा. त्याला कोश कशाला पाहिजे?"

मी लिहिलं ते असं:

"ताराबाई, तुम्ही विचारलं होतं. आत जनावर नसतं. सरतान हे आजाराचं नाव आहे, मी त्याचा अर्थ चुकीचा सांगितला. डागून आत काही मरत नाही, बाई भाजते, एवढंच होतं. आठ पाय, दोन नांग्या हे मी पुस्तकातून बोललो, त्याचा तुमच्या अंगाशी काही संबंध नव्हता. जगन्नाथ हे वाचत असेल तर त्यानं आवसेच्या आधी उमाला जालन्याला आणावं. बरी होईल का ते मला माहीत नाही. मलाही तोच आजार आहे. दवाखान्यात व्हरांड्यातल्या बाकावर गोजरबाई नावाची बाई बसते. तिला सोळा वर्षांपूर्वी हाच आजार झाला होता; ती वाचली, तुम्ही गेलात. घरच्यांनी तिच्याजवळ बसावं नाहीतर बसू नये, उमानं बसावं."

खाली सही केली. टेंभुर्णीचा मास्तर, असंही लिहिलं.

"वाचून दाखवा," गोजरबाई म्हणाली. गाल दुखत होता, तरी वाचलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "ते तुमचं 'बहुधा' का काय, ते न्हाई ना घातलं कुठं? तारा म्हणायची, मास्तर प्रत्येक गोष्टीत तेच म्हणतात."

"नाही घातलं."

"दाखवा." तिला वाचता येत नव्हतं. तरी तिनं कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत पाहिला आणि परत दिला. लिफाफा मी धरला, घडी तिनं डाव्या हातानं आत सरकवली.

टपालाची पेटी दवाखान्याच्या फाटकाबाहेर आहे. टपालाला तीन दिवस लागतात, अमावास्येला चार आहेत. जगन्नाथ घरी असेल का, पत्र रामरावांच्याच हातात पडेल का, त्याला माझं अक्षर आठवेल का, हे सगळं मनात आलं. पेटीपाशी पोचेपर्यंत मी दोनदा थांबलो. एकदा लिफाफा परत उघडावासाही वाटला; 'चुकीचा' च्या जागी दुसरा शब्द हवा होता.

"मास्तर," मागून गोजरबाई म्हणाली, "माझा एक हात वर जात न्हाई, पण पाठीत घालायला दुसरा जातो बरं का."

मी पत्र पेटीत टाकलं.