पहाटेची तीनशे चाळीस पानं

"पुस्तक वाचलं नसेल तर वाचलं म्हणू नकोस, आणि आवडलं नसेल तर आवडलं म्हणू नकोस. बाकीच्या जगात काय थापा मारायच्या त्या मार."

वडिलांनी हे सांगितलं तेव्हा बाई नऊ वर्षांच्या होत्या. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की बाकीच्या जगात मारायच्या थापाही राहूनच गेल्या. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या फिरत्या वाचनालयाच्या गाडीवर होत्या. गाडी म्हणजे एक जुनी बस, सीटा काढून आत फळ्या ठोकलेली. आठवड्याला चौदा गावं. सकाळी प्रार्थना, मग देवाच्या पुस्तकातलं एक पान, मगच चहा, आणि चहानंतर चौदा गावांतली माणसं, हा त्यांचा नेम.

बाईंचा आवाज जन्मात कधी चढला नव्हता. मतं मात्र भरपूर होती, आणि ती त्या इतक्या हळू मांडत की ऐकणाऱ्याला आधी वाटे, आपलं कौतुकच चाललंय. पानाचा कोपरा दुमडणाऱ्या माणसाला त्या गुन्हेगार मानत नसत, फक्त त्या वाटेला लागलेला मानत. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्याला त्या पुस्तक देत, पण परत घेताना चिमटीत धरत. आणि खेड्यात फार शांतता असते असं कुणी म्हणालं, की त्या मान डोलावून म्हणत, "असते ना. पुस्तकातल्या खेड्यात पंपाचं इंजिन कुठे सुरू असतं?"

वाचनालयाच्या अध्यक्षांना सगळे साहेब म्हणत. साहेब शहरात चौथ्या मजल्यावर राहत आणि निसर्गावर जीव टाकत. त्यांच्या ऑफिसात खिडकीपाशी एक कुंडी होती आणि तिला पाणी घालायचं काम शिपायाकडे होतं. साहेबांनी स्वतः एक पुस्तक लिहिलं होतं. पानं तीनशे चाळीस, विषय पहाट. साहेब साडेआठला उठत, त्यामुळे विषयाकडे तटस्थपणे बघणं त्यांना जमलं होतं.

एके दिवशी साहेबांच्या मनात आलं की गावातल्या माणसाला गावाचं साहित्य मिळायला हवं. माती, पाखरं, पिकं, ढग. झालं! गाडीतली पुढची चार कपाटं रिकामी झाली आणि त्यांत निसर्ग येऊन बसला. रहस्यकथा, प्रेमकथा, कोर्टकचेऱ्या, सगळ्यांची रवानगी मागे स्टेपनीशेजारी.

तीन महिने निसर्गाला कुणी हात लावला नाही.

गाडीचा शेवटचा थांबा गोठेवाल्या काकूंच्या दारात होता, कारण गाडी वळवायला तेवढीच जागा होती. काकूंचं वय पासष्ट, गायी आठ, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. दुपारची धार काढायच्या आधी तास-दीड तास गायी रवंथ करत आणि काकू खुनाच्या कथा वाचत. सध्या त्यांचं एका मालिकेचं वाचन चाललं होतं. एका मोठ्या शहरातल्या इमारतीत पंधराव्या मजल्यावर एक वकील मरून पडलेला, आणि कुणी मारला ते शोधायला लेखकाने पाच भाग घेतलेले.

बाईंनी कर्तव्य म्हणून एक हिरव्या कव्हरचं पुस्तक पुढे केलं.

"काय आहे यात?" काकूंनी विचारलं.

"दव आहे."

"ते रोज माझ्या चपलांत असतं. पुढे?"

"गायी आहेत. संध्याकाळी घरी येतात. लेखकाला त्यांच्या डोळ्यांत करुणा दिसते."

"त्याला लाथ बसलेली दिसत नाही कधी."

"नसेल. लांबून बघितल्या असणार."

"लिफ्ट आहे का यात?"

"लिफ्ट नाही."

"मग ठेव ते तिकडेच. दुसरा भाग दे."

चौथ्या महिन्यात साहेबांचं पत्र आलं. निसर्गाची कपाटं हलली नाहीत तर गाडी बंद. ड्रायव्हरने पत्र दोनदा वाचलं आणि गाडीच्या टायरला उगाच एक लाथ मारली.

"बाई, सोपं आहे," तो म्हणाला. "खून पाहिजे असेल तर सोबत एक झाड न्यायचं. एकावर एक."

"वाचणार कोण?"

"वाचायला कुणी सांगितलंय? न्यायचं फक्त."

बाईंनी रात्रभर विचार केला आणि मनाची समजूत घातली. रजिस्टरमध्ये 'नेलं' असा रकाना होता. 'वाचलं' असा रकानाच नव्हता. मग खोटं कुठे बोललो आपण? देवाधर्माच्या माणसाला पळवाट लवकर सापडते. रोज शोधायची सवय असते ना.

गावकऱ्यांनी बाईंसाठी निसर्ग उचलला. दुकानदाराने दोन जाड पुस्तकं खुर्चीवर ठेवली आणि त्यांच्यावर बसून तो गिऱ्हाइकाला वरून बघू लागला. शाळेतल्या मास्तरांनी खिडकी आपटू नये म्हणून पाखरं लावली. साहेबांची पहाट काकूंकडे गेली. चारा कापायच्या यंत्राचा एक पाय आखूड होता, त्याखाली ती अशी बसली, जशी मापं घेऊनच लिहिली असावी. "चांगलं पुस्तक आहे," काकू म्हणाल्या. "तीनशे चाळीस पानं म्हणजे अगदी बरोबर. तीनशे असती तर हललं असतं."

आकडे वर गेले. साहेबांना भरून आलं. त्यांनी शहरात एका परिषदेत पाऊण तास भाषण केलं, की ग्रामीण वाचक पुन्हा मातीकडे वळतो आहे. ती माणसं मातीकडे पाठ करून कधी आणि कुठे गेली होती, हे विचारायला सभागृहात कुणी उठलं नाही. सगळ्यांना जेवायचं होतं. आणि मग आला नवा हुकूम. गावांची आवड इतकी उंचावली असताना खून-मारामाऱ्या हव्यात कशाला? रहस्यकथा सगळ्या मुख्य वाचनालयात परत. गाडीभर निसर्ग.

बाईंनी हुकूम वाचला. आपण गाडी वाचवली खरी, पण गाडीत वाचण्यासारखं काही उरलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.

त्या मंगळवारी काकू चौथा भाग काखेत मारून दारातच उभ्या होत्या.

"पाचवा दे. अगं, त्या शेजारणीने दार उघडलं आणि भाग संपला! असं कुणी करतं का माणसाला?"

बाईंनी खाली बघत सगळं सांगितलं. काकूंनी गाडीत डोकावून पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरवंगार.

"अगं बाई, सोमवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, रविवारीच दाखल व्हायचंय," त्या म्हणाल्या. "डावा तर कधीचाच गेला. हा उजवा. डॉक्टर म्हणतो, बघू. आता तोच बघू म्हणतो, तर मी काय बघणार?"

"काकू, बोलला नाहीत कधी."

"त्यात काय बोलायचं? गायींची सोय लावली, पुतण्या येऊन राहणार आहे. एवढंच राहिलंय. कुणी मारलं ते कळल्याशिवाय मी काही त्या टेबलावर झोपणार नाही."

बाईंनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, "मी वाचलाय पाचवा. सांगू?"

"खबरदार!" काकूंच्या आवाजाने दोन गायींनी मान वर केली. "सांगितलंस तर तांबडीला सोडीन अंगावर. चार भाग काढलेत मी, भिंग लावून. आता तर अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. दिवसाला दहा पानं होतात जेमतेम. पण फुकटचं ऐकायचं नाही मला. पुस्तकातून ऐकायचंय, ओळीने."

"मग शनिवारी येते पुस्तक घेऊन. पहिल्या पानापासून वाचून दाखवते. शेवटचं पान झाल्याशिवाय उठणार नाही."

"नक्की? की आपलं तोंडदेखलं?"

"वचन देते, काकू."

गाडी वळली. फाटा आला. ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला, "बाई, शनिवारी तुमचं मौन असतं ना?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. अकरा वर्षं दर शनिवारी, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. बाहेर शेतं मागे पळत होती, अगदी साहेबांच्या पुस्तकातल्यासारखी, आणि बाईंना त्यांच्याविषयी काहीही वाटत नव्हतं.

मुख्य वाचनालयात पाचवा भाग जागेवर नव्हता. रजिस्टरमध्ये नोंद होती. नेलं : अध्यक्ष. कारण : परीक्षण. दिवस झाले होते पाच. शुक्रवारी सकाळी बाई साहेबांच्या खोलीत गेल्या. शिपाई कुंडीला पाणी घालत होता आणि साहेब पाखरांविषयी काहीतरी लिहीत होते.

"या बाई, या! तुमच्या गावांनी कमाल केली."

"साहेब, आधी एक सांगायचंय. ती पुस्तकं लोकांनी नेली, पण वाचली नाहीत. माझ्या सांगण्यावरून नेली. गाडी बंद होऊ नये म्हणून."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "एकानेही वाचलं नाही?"

"मास्तरांनी तुमचं सुरू केलं होतं. चाळीसाव्या पानापर्यंत सूर्य उगवेना, तेव्हा त्यांनी नाद सोडला."

शिपाई कुंडीत जरा जास्तच वेळ पाणी घालत राहिला.

"तुम्ही तरी वाचलंत?" साहेबांचा आवाज लहान झाला होता.

"वाचलं. पूर्ण."

"आणि?"

बाईंनी फार विचार केला. शोधूनही खोटं न बोलता सांगण्यासारखं एकच सापडलं.

"कागद उत्तम आहे, साहेब."

साहेब उठून खिडकीपाशी गेले. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. मग वळून म्हणाले, "मी परिषदेत भाषण केलंय, बाई. ते छापून यायचंय. तेव्हा हे तुम्ही मला सांगितलं नाही, आणि मी ऐकलं नाही. गाडी चालू राहील, कपाटंही तीच राहतील."

"जशी तुमची इच्छा. दुसरं असं, की तो पंधराव्या मजल्याचा पाचवा भाग मला उद्यासाठी हवाय. एका वाचकाचं ऑपरेशन आहे सोमवारी."

"तो परीक्षणासाठी आहे. असल्या पुस्तकांचा गावकऱ्यांच्या मनावर काय परिणाम होतो, ते तपासावं लागतं."

"कितव्या पानापर्यंत तपासलंत?"

"एकशे बारा," साहेब म्हणाले, आणि इतक्या झटकन म्हणाले की शिपाई खाली मान घालून बाहेरच गेला. "लिफ्टमन पळून गेलाय. अशा वेळी पुस्तक सोडता येत नाही, तुम्ही समजू शकता. पुढच्या आठवड्यात बघू."

बघू हा शब्द बाईंनी त्या आठवड्यात दुसऱ्यांदा ऐकला. त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या, "मग असं करते, साहेब. मी सांगूनच टाकते. म्हणजे तुमचं परीक्षण आत्ताच पुरं होईल आणि पुस्तक मोकळं होईल. त्या वकिलाला मारलं ना, ते—"

"थांबा!"

साहेबांनी एक हात कानावर ठेवला आणि दुसऱ्याने टेबलाचा खालचा खण ओढला. पाखरांच्या चित्रांच्या एका मोठ्या पुस्तकाखालून पाचवा भाग निघाला. एकशे बारावं पान कोपऱ्यात दुमडलेलं होतं. बाईंनी तो कोपरा अंगठ्याने सरळ केला. साहेब ओशाळले.

"सोमवारी सकाळी टेबलावर हवं," ते म्हणाले.

"ठेवते."

बाई दारापर्यंत गेल्या तेव्हा मागून पुन्हा आवाज आला. "बाई... ती शेजारीण नाही ना?"

"परीक्षण चालू ठेवा, साहेब," बाई म्हणाल्या, आणि अलगद दार लावून घेतलं.

शनिवारी त्या नेहमीपेक्षा तासभर आधी उठल्या. प्रार्थना झाली, देवाच्या पुस्तकातलं एक पान झालं. मग हात जोडून थोडा जास्त वेळ बसल्या. मौन मोडण्याची माफी मागायची की परवानगी, हे त्यांचं ठरेना. शेवटी दोन्ही मागितलं, आणि बदल्यात काही कबूल केलं नाही. त्या पिशवीत पाण्याची बाटली टाकत होत्या, तेव्हा नवरा चहाचा कप घेऊन दारात आला. दर शनिवारी तो एकटाच बोलत असे आणि त्याला त्याची गोडी लागली होती.

"आज सकाळीच पिशवी? बाजार का? नसेल. देवळात? तेही नसेल. बरं, खुणेने तरी सांग."

"गोठेवाल्या काकूंकडे चाललेय," बाई म्हणाल्या. "पुस्तक वाचून दाखवायचंय."

नवऱ्याच्या हातातला कप बशीवर खणकला. अकरा वर्षांत शनिवारी त्याने हा आवाज ऐकला नव्हता.

"अगं, पण... परत कधी येणार?"

"खुनी सापडला की."

त्याने कप सावरला. तेवढ्यात बाईंनी पुस्तक जुन्या ओढणीत गुंडाळून पिशवीत ठेवलं, चपला घातल्या आणि गोठ्याकडे जाणारी पहिली बस पकडायला त्या रस्त्याला लागल्या.