नसलेला ब्रेक

पन्नास तासांना वीस मिनिटं कमी पडत होती आणि सासरे काही केल्या सही करायला तयार नव्हते.

नवा नियमच तसा होता. शिकाऊ माणसानं पन्नास तास गाडी चालवायची, शेजारी पक्क्या परवान्याचा जाणता माणूस बसवायचा आणि प्रत्येक फेरी वहीत लिहायची. त्याशिवाय परीक्षेला उभंच करत नव्हते. सुनेची परीक्षा आज दहा वाजता होती. ती नर्स होती; घरोघर जाऊन बाळंतिणींना तपासायची नोकरी तिला सोमवारपासून मिळणार होती, पण परवाना असला तरच.

"बाबा, वीस मिनिटांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"सिग्नलला उभी होतीस, ते मी धरत नाही. चाकं फिरली तेवढंच."

सासऱ्यांनी बत्तीस वर्षं बस चालवली होती. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते अगदी त्यांच्यासाठीच. दुसऱ्याच्या गाडीत त्यांचा कधी डोळा लागला नव्हता. सुनेच्या शेजारी बसले की उजवा पाय सारखा दाबायचे. कुत्रं दिसलं, दाब. पिवळा दिवा, दाब. तिथे ब्रेक नव्हताच; पण तीन महिन्यांत रबरी चटईला भोक पडलं. एकदा तर चिडून तिनं चौकातच गाडी थांबवली आणि त्यांना उंटावरचे शहाणे म्हटलं. सासऱ्यांनी वहीत शांतपणे शेरा लिहिला: 'चौकात थांबली. इंडिकेटर दिला नाही.'

शेवटी साडेसातला ती तणतणत गाडी घेऊन निघाली, शेजारी सासरे. बाजाराच्या गल्लीत बेकरीची व्हॅन उभी होती. तिनं वेग कमी केला आणि थांबली.

"का थांबलीस?"

"व्हॅनखाली पाय दिसले."

तेवढ्यात एक बाई फोनवर बोलत, बाबागाडी ढकलत, इकडेतिकडे न बघता समोरून गेली. उभ्या गाडीच्या खाली बघत जा, हे सासऱ्यांनीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं. सुनेनं सवयीनं त्यांच्या पायांकडे पाहिलं. ते पायावर पाय टाकून दुकानांच्या पाट्या वाचत होते. तिचा सगळा राग तिथेच उतरला.

वीस मिनिटं भरली तशी त्यांनी सही केली. शेरा तिनं ऐकला तो परीक्षकाच्या टेबलापाशी, त्याच्याच तोंडून.

"'आज ब्रेक दाबायला विसरलो.' हे कोण विसरलं?"

"माझे सासरे. पण त्यांच्याकडे ब्रेक नाहीच," ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना.

साडेअकराला ती परवाना नाचवत बाहेर आली. सासऱ्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, परत दिला आणि मागचं दार उघडलं.

"पुढे नाही बसत?"

"मागे पाय लांब करता येतात."

पहिल्या वळणानंतर मागून घोरण्याचा आवाज आला. सुनेला इतका आनंद झाला, की घर आलं तरी ती आणखी एक फेरी मारून आली.