अस्वलाची जीभ

खांब उभारायला सहा आठवडे उरले होते, आणि वेस्लीच्या हातून अस्वलाची जीभ तुटली.

खांबावर कोरलेल्या अस्वलाची जीभ हनुवटीपर्यंत लोंबती ठेवायची होती. तो पटाशीने तिच्या कडा साफ करत होता, आत एक आडवी गाठ निघाली आणि वीतभर जीभ सरळ खाली पडली. वेस्ली बघतच राहिला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. त्यातली तीस वर्षं मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेली. इंजिनाचा भाग मोडला तर दुसरा मागवता येतो. चारशे वर्षांच्या सीडरच्या झाडाला दुसरी जीभ कुठून मागवणार? आणि वेस्लीच्या कुळाची चिन्हं कोरलेला खांब गावात शंभर वर्षांनी उभा राहणार होता.

रोज दहाच्या ठोक्याला अ‍ॅडेलीन मावशी खांब कोरायच्या शेडमध्ये येऊन बसायची. वय सत्त्याऐंशी, हातात थर्मास, मागे कुत्रा. हायडा, म्हणजे त्या बेटावरच्या मूळ लोकांची भाषा, घडाघडा बोलणारी माणसं गावात मोजकीच उरली होती, म्हणून मावशी कुत्र्याशी हायडात बोलायची. त्याला इंग्रजी अजिबात कळत नसे. वेस्लीशी मात्र ती इंग्रजीतच बोले.

"डोळे झोपाळलेले दिसतायत," ती म्हणायची.

"देवमाशाचे आहेत मावशी. अजून पूर्ण कोरले नाहीत."

"मी तुझ्याबद्दल बोलतेय."

त्या दिवशी ती यायच्या आत वेस्लीने अस्वलाच्या तोंडावर ताडपत्री टाकली, जीभ बाकावर ठेवली आणि गोंद आणायला घरी पळाला. परत आला तर मावशी येऊन गेलेली आणि बाकावरची जीभ गायब. मावशी रोज जाताना शेगडी पेटवायला पिशवीभर ढलप्या न्यायची.

तो तिच्या घरी पोचला तेव्हा किटली उकळत होती.

"आजचं लाकूड काय छान पेटलं रे," मावशी म्हणाली. "एक गाठीचा तुकडा होता, अजून धगधगतोय."

"ती जीभ होती."

"कुणाची?"

"अस्वलाची."

मावशीने सावकाश दोन कप चहा ओतला. "मग तसं सांगायचं. तोंडावर ताडपत्री टाकलीस, मला वाटलं त्याला थंडी वाजतेय."

चहा संपेपर्यंत वेस्लीचं डोकं चालायला लागलं होतं. जिभेचं बूड शिल्लक होतं. त्यातून तळहाताएवढा बेडूक सहज निघाला असता. अस्वलाने दातांत बेडूक धरलाय असं दिसलं असतं. जुन्या खांबांवर असे बेडूक त्याने पाहिले होते.

"बेडूक आपला नाही," मावशी म्हणाली.

ते वेस्लीलाही माहीत होतं. गावात कुळांच्या दोन बाजू, कावळा आणि गरुड, आणि बाजू मिळते आईकडून. अस्वल आणि देवमासा त्यांच्या कावळ्याच्या बाजूचे. बेडूक पलीकडच्या गरुडांचा, वेस्लीच्या वडिलांच्या कुळाचा. दुसऱ्याचं चिन्ह न विचारता कोरणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या ताटात जेवण्यासारखं. विचारायचं तर त्या कुळातल्या सगळ्यात थोरल्या हिल्डा आत्याला. आणि हिल्डा आत्याशी मावशी अकरा वर्षं बोललेली नव्हती. एका मेजवानीत मावशी भर पंगतीत म्हणाली होती, की हिल्डाच्या वाळवलेल्या समुद्रशेवाळात वाळू लागते.

वेस्ली एकटाच गेला. हिल्डा आत्या दारातच उभी राहिली. ती मावशीपेक्षा दोन वर्षांनी मोठी होती आणि ते कुणाला विसरू देत नसे.

जीभ तुटली, तुकडा मावशीने नेला, आता तिथे बेडूक कोरायचाय, असं वेस्लीने सांगितलं.

"तुझ्या मावशीने काय केलं जिभेचं?"

"जाळली."

"तिने स्वतःची जाळायला हवी होती," आत्या म्हणाली. "तिलाच येऊन विचारू दे. हायडात. मग बघते."

दुसऱ्या दिवशी मावशी निघाली. हिल्डाचं घर तीन दारं सोडून, पण मावशीने सणासमारंभाची शिंपल्याच्या बटणांची लाल-काळी घोंगडी पांघरली होती आणि वेस्लीच्या हातात सामन माशाच्या चार बरण्या दिल्या होत्या. कुत्राही मागे आला. आत्याने दार उघडलं, घोंगडीकडे पाहिलं, बरण्या मोजल्या आणि बाजूला सरली.

मग त्या दोघी हायडात बोलायला लागल्या. वेस्लीला दोनच शब्द कळले, 'बेडूक' आणि 'वाळू'. वाळू बेडकापेक्षा बऱ्याच वेळा आली. आवाज चढले, उतरले, परत चढले. आत्याने वेस्लीच्या कानांकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं आणि मावशी इतकी हसली, की तिला टेबल धरावं लागलं. हसता हसता आत्याने डोळे पुसले आणि मग बराच वेळ पुसतच राहिली. कुत्रा मात्र सगळं समजल्यासारखा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

दीड तासाने वेस्लीने विचारलं, "काय ठरलं?"

"बेडकाचं?" मावशी म्हणाली. "ते पहिल्या मिनिटातच ठरलं. घे म्हणाली."

"मग इतका वेळ काय चाललं होतं?"

"तुला काय करायचंय?"

दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये दहा वाजता दोन खुर्च्या लागल्या. बेडूक लठ्ठ झालाय, असं आत्याचं मत पडलं. आमच्यातले बेडूक सडपातळ असतात, ती म्हणाली. मावशी म्हणाली, तुमच्यातलं कुणी सडपातळ असल्याचं ऐकिवात नाही. दोघी मग हायडात भांडायच्या, आणि वेस्ली वाकसाने लाकूड तासता तासता ऐकत राहायचा. महिनाभरात त्याला चाळीसेक शब्द यायला लागले. त्यांतले बहुतेक माणसाच्या आळसाविषयी होते.

खांब उभारायच्या दिवशी रिवाजाप्रमाणे गरुडांच्या बाजूची शंभरेक माणसं दोरांना लागली. खांब अर्ध्यावर येऊन अडला. सगळ्यांनी वेस्लीकडे पाहिलं. वेस्लीला शेडमध्ये रोज ऐकलेलं एकच वाक्य सुचलं आणि त्याने ते हायडात, होतं नव्हतं ते बळ लावून म्हटलं. पुढच्या रांगेतले चार म्हातारे हसले. मग मागचे 'काय म्हणाला, काय म्हणाला' विचारत हसायला लागले, आणि त्या हसण्यातच दोर ओढला गेला. खांब सरळ उभा राहिला. अस्वलाच्या दातांतला लठ्ठ बेडूक समुद्राकडे बघू लागला.

"उच्चार चुकला," हिल्डा आत्या म्हणाली.

"शिवी बरोबर होती," मावशी म्हणाली, आणि तिने थर्मासमधला चहा आधी आत्याच्या कपात ओतला.